कॅज्युअल्टीतला पहिला तास : सोलापुरात नव्याने ड्युटीवर येणाऱ्या इंटर्न आणि सिस्टरांसाठी

सोलापुरात कॅज्युअल्टीच्या दाराशी कोण येणार याचा अंदाज ऋतू बघून बांधता येतो. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉलीला अंधारात मागून धडकलेले दुचाकीवाले येतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हानं बेशुद्ध पडलेली माणसं येतात. पावसाळ्यात सर्पदंश. द्राक्ष-डाळिंबांच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाटेवर कोसळलेले वारकरी. पुणे-हैदराबाद रस्त्यावरचे अपघात बारा महिने. शिवाय सोलापूर म्हणजे फक्त सोलापूर नाही. करमाळा, सांगोला, अक्कलकोट तर आहेतच, तुळजापूर-धाराशिवकडून आणि कर्नाटकातल्या इंडी-आळंदकडूनही माणसं इथंच येतात. त्यातल्या कित्येकांचा मोलाचा वेळ रस्त्यावरच गेलेला असतो.

अशा ठिकाणी पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. औषधांचे डोस दिले आहेत ते वरिष्ठांची ऑर्डर तुम्हाला कळावी, त्यामागचं कारण ध्यानात यावं म्हणून. द्यायचे ते तुमच्या विभागाच्या प्रोटोकॉलप्रमाणे आणि वरिष्ठांच्या सांगण्यावरूनच.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. अत्यवस्थ रुग्णापुढे निदान सापडेपर्यंत थांबायचं नसतं. जे सर्वांत लवकर जीव घेईल ते सर्वांत आधी बघायचं, सापडलं की तिथंच दुरुस्त करायचं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून बघायचं. कॉलेजात आपण उलटं शिकलेलो असतो: आधी हिस्टरी, मग तपासणी, मग निदान, मग उपचार. इथं तो क्रम बाजूला ठेवावा लागतो.

हा दुसरा क्रम आला कुठून तेही सांगतो. १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी गेली, मुलं जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून ते हादरले. लहान गावातल्या, हाताशी फारसं काही नसलेल्या डॉक्टरला जखमी माणूस कसा हाताळायचा हे कुणी शिकवलेलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून १९७८ साली पहिला अभ्यासक्रम झाला आणि १९८० पासून अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं तो पुढे नेला. आज जगभर चालणारा ‘एबीसीडीई’ क्रम (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि अंग उघडं करून तपासणी) रुजला तो त्यातूनच. तो मुळात एकट्या पडलेल्या डॉक्टरसाठी बनला आहे, म्हणून रात्री तीन वाजता तो तुमच्या कामाला येईल.

रुग्ण येण्याआधी

ड्युटीवर आलात की पहिली काही मिनिटं सामानाला द्या. सक्शन चालू करून नळीचं टोक बोटाला लावा, ओढ जाणवली पाहिजे. लॅरिंजोस्कोप उघडून दिवा लागतो का बघा. अंबू बॅगेला, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीला, मोठ्यांचा आणि लहान मुलांचा, दोन्ही मास्क आहेत का? ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघाच, पण सिलिंडर उघडायची किल्ली कुठं टांगलेली आहे तेही बघा. भरलेला सिलिंडर आणि हरवलेली किल्ली याचा उपयोग शून्य. डिफिब्रिलेटर चार्जिंगला, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या डबीत, ॲड्रेनॅलिन-ॲट्रोपिन-डेक्स्ट्रोज ट्रॉलीवर, आणि सर्पदंशासाठी कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूब.

आणखी एक. वॉर्डातल्या मामा-मावशींची नावं पहिल्याच दिवशी पाठ करा. ‘कुणीतरी ट्रॉली आणा’ म्हटलं की कुणीच आणत नाही. नाव घेऊन सांगितलं की काम होतं.

दारापासून टेबलापर्यंत

रुग्ण स्ट्रेचरवर येत असतानाच तपासणी सुरू होते. जवळ जा आणि बोला: “काका, नाव काय तुमचं? काय झालं ओ?” त्यांनी नीट एक वाक्य उत्तर दिलं तर श्वासमार्ग मोकळा आहे, वाक्य पुरं करण्याइतका श्वास आहे आणि मेंदूला रक्त पोचतं आहे, एवढं दोन सेकंदांत कळलं. एकेक शब्द तोडून बोलत असतील, असंबद्ध बोलत असतील किंवा बोलतच नसतील, तर रुग्ण थेट रिससिटेशनच्या, म्हणजे जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांच्या टेबलावर. केसपेपर नंतर निघेल.

जखमेतून रक्त उसळत असेल तर श्वासमार्गाच्याही आधी ते थांबवायचं. जखमेवर गॉज ठेवून पूर्ण ताकदीनं दाबा आणि दाब सोडू नका. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या धडाकडच्या बाजूला टुर्निकेट, म्हणजे घट्ट आवळायचा पट्टा, आणि बांधल्याची वेळ कपाळावर किंवा टुर्निकेटवरच पेननं लिहा.

एकाच अपघातातले पाच-सहा जण एकदम आले तर ओरडणाऱ्याकडे आधी धावू नका. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे. कोपऱ्यात गप्प पडलेल्याकडे आधी जा.

ए : श्वासमार्ग

घशातून घरघर, गुरगुर किंवा घोरल्यासारखा आवाज म्हणजे वाट अर्धवट बंद आहे. ‘घोरतोय, म्हणजे झोप लागली’ हा समज जीवघेणा आहे. जबडा मागून दोन्ही हातांनी पुढे उचला. अपघाताचा रुग्ण असेल तर मान मागे वाकवायची नाही, फक्त जबडा पुढे, आणि एकानं डोकं दोन्ही बाजूंनी स्थिर धरायचं. तोंडात रक्त-उलटी असेल तर दिसेल तेवढंच सक्शन करा. रुग्णाला ओकारी येत असेल तर तोंडातला एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू न देणारी नळी, बसवू नका, उलटी होईल. चेहऱ्याचा किंवा कवटीच्या तळाचा फ्रॅक्चर वाटत असेल तर नाकातून कुठलीही नळी नको.

नळी घालणं, म्हणजे इन्ट्युबेशन, हे तुमचं पहिल्या महिन्याचं काम नाही. पण मास्क नीट धरून अंबू बॅगनं छाती वर आणणं हे पहिल्या आठवड्यातच आलं पाहिजे. नळी बसवू न शकलेल्या डॉक्टरमुळे माणूस मरत नाही. मधल्या वेळात ऑक्सिजन न पोचल्यानं मरतो.

बी : श्वास

इथं जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष इथंच होतं. केसपेपरवर श्वासाचा वेग बहुतेक वेळा न मोजताच ‘१८’ किंवा ‘२०’ लिहिलेला असतो. मॉनिटर नाडी दाखवतो, बीपी दाखवतो, ऑक्सिजन दाखवतो. श्वास मात्र माणसानं छातीकडे बघून मोजावा लागतो. आणि बिघडत चाललेला रुग्ण सर्वांत आधी तिथंच बोलतो. जंतुसंसर्ग असो, रक्तस्राव असो, मधुमेहातली आम्लता असो, बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या धोकासूचक गुणपद्धतीत मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण आणि २५ किंवा त्याहून जास्त असतील तर एकट्या त्याच गोष्टीला ३ गुण आहेत. म्हणून घड्याळ धरा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. एवढी एकच सवय लावून घेतलीत तरी तुमच्या रुग्णांचं भलं होईल.

मग छाती उघडी करून बघा: दोन्ही बाजू सारख्या हलतात का, कुठं खरचटलं आहे, कुठं हवा फुरफुरते आहे. दोन्हीकडे स्टेथोस्कोप लावा. अपघाताच्या रुग्णाला धाप आहे, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही आणि बीपी पडतंय, तर तो टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत फुप्फुसाबाहेर हवा कोंडून फुप्फुस आणि हृदय दाबलं जाणं, समजायचा. एक्स-रेला पाठवायचं नाही, वरिष्ठांना तिथंच हाक मारायची. मोठ्या माणसाला सुई चौथ्या-पाचव्या बरगडीच्या जागेत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे टाकतात आणि लगेच छातीत नळी घालतात.

ऑक्सिजन सुरुवातीला पिशवीच्या मास्कनं, मिनिटाला १० ते १५ लिटर. पिशवी फुगलेली राहते ना, बघा. रुग्ण स्थिरावला की रक्तातला ऑक्सिजन ९४ ते ९८ टक्क्यांपर्यंत ठेवा. जुनाट दम्यासारखा सीओपीडीचा रुग्ण असेल तर ८८ ते ९२ पुरे. बोट गार पडलं असेल किंवा नखाला रंग-मेंदी असेल तर मशीनच्या आकड्यावर विसंबू नका.

सी : रक्ताभिसरण

बीपी चांगलं आहे म्हणून रुग्ण चांगला आहे, असं तरुणांच्या बाबतीत कधीच धरू नका. सत्तर किलोच्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं ३० टक्के, म्हणजे दीड लिटर, जाईपर्यंत तरुण शरीर वरचं बीपी टिकवून धरतं. मग एकदम कोसळतं. त्याआधी खुणा असतात: हात-पाय गार, कपाळावर गार घाम, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ, नाडी १२० आणि बीपी ११०/९०. इथं ११० बघून समाधान मानू नका, वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर कमी झालंय ते बघा. रुग्ण उगाच चिडचिड करतोय, पाणी मागतोय, मास्क ओढून काढतोय, हीसुद्धा शॉकचीच, म्हणजे अवयवांना रक्त न पुरल्याचीच भाषा आहे. ‘दंगा करतोय’ म्हणून हात बांधू नका.

रक्त बाहेर दिसत नसेल तर ते पाच ठिकाणी शोधायचं: जमिनीवर आणि कपड्यांत, छातीत, पोटात, कंबरेच्या हाडांत, आणि मांडीसारख्या लांब हाडांभोवती. एका मांडीच्या फ्रॅक्चरमध्ये एक ते दीड लिटर रक्त जाऊ शकतं. सोनोग्राफी मशीन असेल तर टेबलावरच ‘फास्ट’, म्हणजे आत रक्त साचलंय का ते बघणारी झटपट सोनोग्राफी, करून घ्या.

कंबरेचा फ्रॅक्चर वाटला तर हाडं दाबून-हलवून बघत बसू नका, आत धरलेली गुठळी सुटते. कंबर बांधा. खास पट्टा नसेल तर जाड चादर चालते, आणि सोलापुरात चादरीला काय तोटा! घडी घालून वीतभर रुंद करायची, रुग्णाच्या खालून सरकवायची आणि मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा बाजूला हाताला लागतो त्या पातळीवर घट्ट आवळायची. बहुतेक नवे लोक ती पँटच्या पट्ट्याच्या जागी बांधतात, तिथं तिचा उपयोग होत नाही. गुडघे जवळ आणून बांधले की आणखी आधार मिळतो.

दोन मोठ्या सुया, करडी किंवा हिरवी. निळी लावून समाधान मानू नका. पहिली सुई लावतानाच रक्तगट आणि क्रॉसमॅचचा (दात्याचं रक्त जुळतं का, त्या तपासणीचा) नमुना काढून ब्लड बँकेला पाठवा, कारण खरा वेळ तिथं लागतो. रक्तस्राव होणाऱ्या मोठ्या माणसाला सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवू नयेत. साधारण एक लिटरनंतर रक्तच हवं. सलाईननं रक्त पातळ होतं, शरीर थंड पडतं, गोठण्याची ताकद जाते आणि थांबू पाहणारं रक्त पुन्हा वाहू लागतं.

ट्रानेक्झॅमिक ॲसिड या रक्ताची गुठळी टिकवून धरणाऱ्या औषधाबद्दल मुद्दाम लिहितो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या वीस हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत ते दिल्यानं रक्तस्रावाचे मृत्यू घटले. पण फायदा अपघातानंतरच्या तीन तासांतच. त्यानंतर दिलं तर रक्तस्रावानं मरण्याचा धोका उलट वाढलेला दिसला. डोस एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. आता करमाळ्याकडचा रुग्ण घ्या. अपघात, तिथलं रुग्णालय, मग १०८ आणि सोलापूर. तीन तास कधीच होऊन जातात. म्हणून अपघात ‘नक्की किती वाजता’ झाला हे विचारा आणि रेफरची चिठ्ठी वाचा: तिकडे औषध दिलंय का, किती वाजता दिलंय. आणि तुम्ही ग्रामीण रुग्णालयात बसला असाल तर रेफर करण्याआधी वरिष्ठांना फोनवर विचारून ते सुरू करूनच गाडीत बसवा.

डी आणि ई : शुद्ध आणि उघडं अंग

शुद्ध किती आहे ते ग्लासगो कोमा स्केलवर लिहा. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडलेलं हे माप ३ ते १५ असं असतं. नुसती बेरीज लिहू नका. डोळे, बोलणं आणि हालचाल वेगवेगळी लिहा, तरच दोन तासांनी फरक कळेल. आठ किंवा कमी असेल तर श्वासमार्ग सुरक्षित करायला वरिष्ठ हवेत. बाहुल्या सारख्या आहेत का बघा. आणि बेशुद्ध, फिट आलेल्या किंवा बरळणाऱ्या प्रत्येक रुग्णाची साखर त्याच मिनिटाला बघा, अपघाताचा असला तरी. गाडी घसरली ती साखर उतरली म्हणूनही असेल. साखर कमी असली तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलि.

दारूचा वास येतो म्हणून ‘प्यालाय, उतरेल’ म्हणून कोपऱ्यात झोपवू नका. प्यालेल्या माणसाच्या डोक्यातही रक्त साचतं. त्याला इतरांहून जास्त वेळा बघा. डोक्याच्या मारात मेंदूला पहिल्या धक्क्याइतकाच घात दुसरा करतो, तो म्हणजे ऑक्सिजन कमी पडणं आणि बीपी उतरणं. तो घात आपल्या हातात आहे.

मग कपडे कापून अंग पूर्ण बघा. पाठ बघायला चार माणसं लागतात, एकाच आवाजावर सरळ कूस वळवायची. काखा, जांघा, डोक्यामागचे केस विसरू नका. बघून झालं की लगेच पांघरूण. बाहेर बेचाळीस अंश असले तरी रक्त गेलेला, ओल्या कपड्यातला, एसीखाली उघडा पडलेला माणूस थंड पडतो आणि थंड शरीरात रक्त गोठत नाही.

हाक कधी मारायची

लवकर. संकोच करू नका. श्वास ३० च्या वर, बीपी ९० च्या खाली, ऑक्सिजन लावूनही ९० च्या खाली, शुद्ध घटते आहे, किंवा ‘काहीतरी ठीक नाही’ असं अनुभवी सिस्टर म्हणतात, यातलं एक कारण पुरे. फोनवर गोष्ट सांगू नका, चित्र सांगा: “सर, कॅज्युअल्टीतून बोलतेय. पंचविशीचा तरुण, मोहोळजवळ दुचाकी आणि ट्रॉली, एक तास झाला. नाडी १३०, बीपी ९०/६०, श्वास ३२, पोट ताठ. दोन लाइन लावल्यात, ट्रानेक्झॅमिक चालू आहे, क्रॉसमॅच पाठवलंय. पोटात रक्तस्राव असावा. तुम्ही आत्ता यायला हवं.” शेवटचं वाक्य गाळू नका. काय हवं ते सांगितलं नाही तर समोरचा ‘बरं, बघत राहा’ म्हणून फोन ठेवतो.

ऑर्डर मिळाली की मोठ्यानं परत म्हणा, दिल्यावर पुन्हा सांगा: “ॲड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम दिलं, दहा वाजून चार मिनिटं.” एकानं फक्त वेळा लिहायच्या. हृदय बंद पडलं असेल तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. दमलेले हात वर वर दाबतात आणि दमलेल्याला ते कळत नाही.

आपल्या भागातले तीन आजार

सर्पदंश. घोणस आणि फुरसे रक्त बिघडवतात. नाग आणि मण्यार नसा. साप कुठला होता यावर वाद घालत बसू नका, रुग्णाकडे बघा. कोऱ्या, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिलि रक्त घ्या, वीस मिनिटं न हलवता ठेवा, मग एकदाच आडवी करा. रक्त पातळच वाहिलं तर घोणस-फुरशाचं विष चढलं आहे. ट्यूब प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असेल तर चाचणी फसते. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा, साधारण दहा व्हायलनी सुरू करतात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापानं विष वजन बघून टोचलेलं नसतं. रिॲक्शन येऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी ॲड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवा. मोठ्यांना ते मांडीच्या स्नायूत देतात. गावाकडून घट्ट दोरी बांधून आलेत तर ती एकदम सोडू नका. आधी लाइन लावा, औषधं तयार ठेवा, मग हळूहळू सोडा.

मण्यार सर्वांत फसवी. उसाच्या फडाजवळ खोपीत जमिनीवर झोपलेला माणूस, रात्री काही कळलं नाही, पहाटे पोटात कळ, घसा धरला, पापण्या जड. दंशाची खूण शोधूनही सापडत नाही. अशा वेळी ‘ॲसिडिटी’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवणं म्हणजे मृत्यूकडे पाठवणं. पापण्या बघा, एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणायला लावा, आणि दर थोड्या वेळानं पुन्हा. आकडे कमी होत गेले तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर असा माणूस पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. त्याच्यासाठी धडपड करण्यासारखी आहे.

कीटकनाशक. तोंडाला फेस, घाम, बारीक बाहुल्या, छातीत पाण्याचा आवाज. आधी स्वतः ग्लोव्ह घाला, खिडक्या उघडा. कपडे काढून पिशवीत बंद करा, अंग आणि केस साबणानं धुवा. सक्शन, ऑक्सिजन. पोट धुण्याची घाई करू नका. बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग सुरक्षित न करता पोटात नळी घातली तर विष फुप्फुसात जातं. ॲट्रोपिन १.८ ते ३ मिलिग्रॅमनं, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच ॲम्प्यूलनी सुरू करतात आणि दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट. कुठं थांबायचं? छाती कोरडी झाली, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर. बाहुली किती मोठी झाली यावर थांबू नका. नाडी आधीच जलद आहे म्हणून ॲट्रोपिन रोखूही नका. आणि पुढचे तीन-चार दिवस उशीवरून मान उचलायला सांगत राहा. मान उचलता येईनाशी झाली तर श्वास बंद पडण्याची ती पूर्वसूचना आहे.

यातल्या अनेकांनी औषध स्वतःहून घेतलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानलं आहे. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी कायदेशीर नोंद, होईल, ती होऊ द्या, पण टेबलावर त्याला रागावू नका. “आता तू इथं आहेस ताई, आम्ही आहोत,” एवढं म्हणा. शुद्धीवर आल्यावर मानसोपचार विभागाला कळवल्याशिवाय डिस्चार्ज नको.

ऊन. शरीराचं तापमान ४० च्या वर आणि शुद्ध बिघडलेली, तर उष्माघात. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. कपडे काढा, अंगावर पाणी मारत पंखा पूर्ण वेगानं लावा, मान-काखा-जांघेत बर्फ ठेवा, आणि पहिल्या अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणायचा प्रयत्न करा. आधी थंड करा, तपासण्या मागून.

या तिन्हींखेरीज, छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे. सोलापूरच्या मधुमेही काका-काकूंना दुखतच असं नाही. नुसता घाम आणि ‘कसंतरी होतंय’ हेही पुरे आहे. ताप आणि शॉक एकत्र दिसले तर ब्लड कल्चर काढून अँटिबायोटिक पहिल्या तासात. तोंड वाकडं, हात लुळा, तर ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ती वेळ लिहा, साखर बघा आणि सीटी. गुठळी विरघळवायच्या औषधाला साडेचार तासांची मुदत असते.

कागद, पोलीस, पैसे

एमएलसीसाठी उपचार थांबवायचे नाहीत. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात सांगून टाकलं आहे की जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. जखमीला घेऊन आलेल्या वाटसरूला अडवून ठेवू नका, त्याच्याकडे पैसे मागू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत अशा मदत करणाऱ्याला कलम १३४-ए नं संरक्षण आहे. त्याला पाणी द्या, अपघाताची वेळ आणि जागा विचारा आणि जाऊ द्या. रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार आहेत, आणि महात्मा फुले योजना आहेच. नातेवाइकांना योजनेच्या आरोग्यमित्राकडे लगेच पाठवा. दागिने मोडायला निघालेल्या बायकोला ही माहिती औषधाइतकीच गरजेची असते.

नातेवाईक

या गावात घरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं भरपूर आहेत. घाबरलेली आजी मराठी विसरते. ‘येल्ली नोवु?’, ‘एक्कड नोप्पी?’, म्हणजे कुठं दुखतंय, एवढं तरी तोंडपाठ असू द्या, आणि ड्युटीवर कुणाला कोणती भाषा येते ते माहीत ठेवा.

दहा जणांशी एकदम बोलू नका. घरातला एक माणूस ठरवून घ्या, बाजूला घ्या, बसवा, स्वतःही बसा. “तब्येत गंभीर आहे. पोटात रक्तस्राव होतोय असं वाटतं. रक्त मागवलंय, सर्जन येत आहेत. अर्ध्या तासानं मी पुन्हा येऊन सांगतो,” आणि खरंच या, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी. माझा अनुभव असा की दारातली बहुतेक भांडणं वाईट बातमीमुळे होत नाहीत, कुणीच काही सांगत नाही म्हणून होतात. माणूस गेला असेल तर ‘गेले’ असंच म्हणा. ‘प्रयत्न चालू होते’ असं अर्धवट बोललात तर घरचे आशा धरून बसतात.

हलवताना आणि सोपवताना

सीटीला किंवा आयसीयूला नेताना बरेच रुग्ण वाटेत बिघडतात. शॉकमध्ये असलेला, बीपी सावरत नसलेला रुग्ण सीटीला न्यायचा नाही. त्याची जागा ऑपरेशन थिएटरात. निघण्याआधी सिलिंडर मोजा: भरलेला बी टाइप साधारण १५०० लिटरचा, मिनिटाला १५ लिटरनं शंभर मिनिटं पुरतो, तोही पूर्ण भरलेला असेल तर. लिफ्ट बंद, सीटीला रांग, हे धरून दुप्पट वेळेचा हिशेब करा. बरोबर अंबू बॅग, सक्शन, ॲड्रेनॅलिन आणि एक असा माणूस, ज्याला अंबू बॅग वापरता येते. एका टेबलावरून दुसऱ्यावर घेतलं की दर वेळी नळीची खूण, छातीच्या दोन्ही बाजू, लाइन आणि बीपी पुन्हा बघा.

सोपवताना पुढच्या डॉक्टर-सिस्टरांना बेडपाशी उभं करून सांगा: काय झालं, किती वाजता, काय सापडलं, काय दिलं, काय राहिलंय. राहिलेल्याची यादी कागदावर द्या. टुर्निकेट किती वाजता बांधलं, ट्रानेक्झॅमिकचा दुसरा डोस कधी संपतो, ब्लड बँकेतून किती पिशव्या यायच्या आहेत, सर्पदंशाच्या रुग्णाची ट्यूब सहा तासांनी पुन्हा लावायची ती किती वाजता, कुठल्या नातेवाइकाशी बोलणं झालंय आणि त्याचा फोन नंबर केसपेपरच्या कुठल्या पानावर आहे.